पाच नंबरचा हत्ती

आधीच कबूल करते, मी घानाला गेलेले नाही. पासपोर्टवर शिक्का नाही, मलेरियाच्या गोळ्या नाहीत, काही नाही. पण घानाच्या लढवय्यांचा तीनेकशे वर्षांचा इतिहास मी एका वीकेंडला ऐकून, बघून, खाऊन आणि थोडासा बिघडवून आलेय. तोही नेदरलँड्सच्या बाहेर पाऊल न टाकता! फोटो टाकल्यापासून पुण्यातल्या सगळ्या ग्रुपवर एकच धिंगाणा चालू आहे. "तू नक्की कुठेयस?" "ते आजोबा कोण?" "तो पिवळ्या कापडावरचा जाडा प्राणी कोणता?" तर सगळं सांगते, पहिल्यापासून.

शुक्रवार, स्लोटरडाइकहून चवळीच्या उसळीकडे

माझं ऑफिस आम्स्टरडॅमच्या स्लोटरडाइक स्टेशनबाहेर, जिथे वारा माणसाला आपोआप ऑफिसात ढकलतो. शेजारच्या डेस्कवर एफुआ बसते. जन्म इथलाच, आईबाबा घानाचे. काम करताना डच, चिडली की फांटी, आईबाबांची भाषा. शुक्रवारी ती कॉफी मशीनपाशी रडायच्या बेतात उभी.

"नाना गुरुवारी घानाला चाललेत. कायमचे," ती म्हणाली. "आणि रविवारी नाचणार नाही म्हणतात."

नाना म्हणजे तिचे आजोबा, वय चौऱ्याऐंशी. त्यांच्याकडे आजोबांना नानाच म्हणतात. आमच्या साताऱ्याच्या घरात दोन नाना आहेत, त्यामुळे मी बघण्याआधीच त्यांच्या प्रेमात पडले. (एफुआशी आणि नानांशी बोलणं सगळं इंग्रजीत, मी मराठी करून लिहितेय. नाना मराठीत जास्त शोभतात.)

आता नाचाची भानगड. नाना एल्मिनाचे. घानाच्या किनाऱ्यावरचं गाव, तिथल्या किल्ल्यावर दोनशेहून जास्त वर्षं डचांचा झेंडा होता. त्या गावांमधे आसाफो नावाच्या लढाऊ कंपन्या असतात. वस्तीवार, नंबर दिलेल्या. बाप ज्या कंपनीत, मुलं त्याच कंपनीत. आपल्याकडची गणेश मंडळं डोळ्यांसमोर आणा. फक्त आपली मंडळं स्पीकर लावून भांडतात, ही एके काळी बंदुका घेऊन भांडायची. प्रत्येक कंपनीचा स्वतःचा रंग, स्वतःचं चिन्ह आणि कापडावर कापड टाचून शिवलेला स्वतःचा झेंडा. तो नाचवायला खास माणूस. तीन नंबर कंपनीचा तो माणूस म्हणजे नाना! झेंड्यावर बिबट्या. इथे येताना तो त्यांनी सुटकेसमधून आणला, आणि इतक्या वर्षांत इथे एकदाही नाचवला नाही.

आणि रविवार? एकोणिसाव्या शतकात डचांनी त्याच किल्ल्यातून काही हजार आफ्रिकन माणसं जहाजात घालून जावाला नेली, स्वतःच्या सैन्यात शिपाई म्हणून. त्यांनी तिकडे लग्नं केली, मुलं झाली, मुलंही शिपाई झाली. इंडोनेशिया स्वतंत्र झाल्यावर त्यांतली बरीच घरं इकडे आली. त्यांच्या वंशजांचा मेळावा नायमेखनजवळ होता आणि त्यांनी नानांना बोलावलं होतं, आमच्यासाठी एकदा झेंडा नाचवा म्हणून. नाना हो म्हणाले होते. आता नाही म्हणत होते.

"चल घरी," एफुआ म्हणाली. "तू बडबड केलीस तर कदाचित ऐकतील."

माझ्या बडबडीवर एवढा विश्वास आजवर कुणी दाखवला नव्हता. लगेच निघाले.

नाना आम्स्टरडॅमच्या दक्षिण-पूर्व भागात सातव्या मजल्यावर राहतात. दार उघडलं आणि वास आला... अरे, हा तर आमच्या स्वयंपाकघरातला वास! लाल तेलात शिजवलेली चवळी, वर तळलेली पिकलेली राजेळी केळी. 'रेड-रेड' म्हणतात त्याला. सोबत एक काळी चटणी, शितो. खाल्ली आणि किंचाळले, "सुकट!"

"ही काय म्हणाली?" नानांनी एफुआला विचारलं.

"आवडलंय तिला, नाना."

"मग वाढ अजून."

उंच माणूस, टक्कल, उजवा खांदा जरा खाली उतरलेला. मी ताट सरसावून म्हटलं, "नाना, मला तुमच्या लढायांचं सांगा ना." बस्स. त्यांनी माझ्या ताटातली केळी उचलून टेबलावर मांडली. ही अशांती राज्याची सेना, जंगलातून निघालेली. पुढे टेहळे, मधे मुख्य फौज, ही उजवी फळी, ही डावी, ही पिछाडी. इंग्रज एवढ्या तोफा घेऊन आले तरी या रचनेने त्यांना किती वर्षं घाम फोडला, हे ते चमच्याने दाखवत होते. मी इतकी रंगले, इतकी रंगले, की नकळत डावी फळी खाऊन टाकली.

"बघ," नाना एफुआला म्हणाले, "इंग्रजांना जे जमलं नाही ते इंडियनने केलं."

मग सोन्याच्या आसनाची गोष्ट. आपण पाट म्हणू तसं, पण त्यात अख्ख्या राष्ट्राचा जीव. इंग्रज गव्हर्नरने ते बसायला मागितलं आणि एका राजमातेने थेट युद्धच पुकारलं! मग एल्मिनाची गोष्ट. डचांनी किल्ला इंग्रजांच्या हवाली केला, गावाने नाही म्हटलं, आणि इंग्रजांनी गावावरच तोफा डागल्या. "आम्हाला विचारलंच नाही कुणी," नाना म्हणाले, जणू काही गेल्या आठवड्यात सोसायटीच्या मीटिंगमधे झालं असावं.

आणि मग ब्रह्मदेश. नानांचे वडील दुसऱ्या महायुद्धात तिकडे लढले, डोक्यावर दारूगोळ्याच्या पेट्या घेऊन डोंगर चढले. माझा घास हातातच राहिला. माझे पणजोबाही तिथेच होते! घरी त्यांचा एक फोटो आहे, मागे फक्त 'ब्रह्मदेश' लिहिलंय.

"माझे वडील तिकडून दोन शब्द घेऊन आले," नाना म्हणाले. "चपाती. आणि जल्दी जल्दी."

कुणी सांगावं, त्या चपातीतली एखादी आमच्या पणजोबांनी दिलेली असेल. पुढे घाना स्वतंत्र झाला, लष्कराने सरकारं उलथवली, नानांचा धाकटा मुलगा संयुक्त राष्ट्रांची निळी टोपी घालून लेबनॉनमधे शांतता राखायला गेला. हे सगळं त्यांनी हात धुता धुता उरकलं.

"मग रविवारी नाचा ना," मी म्हटलं. हीच वेळ होती.

"खांदा दुखतो."

"थोडंसंच."

त्यांनी कपाटाखालच्या तपकिरी सुटकेसकडे बघितलं. "खांदा सोड. झेंडा हवेसमोर नाचवत नाहीत, मुली. समोर दुसरी कंपनी लागते. तिला चिडवायचं असतं. इथे कोणाला चिडवू? बसस्टॉपला?"

एफुआ मला सोडायला लिफ्टपर्यंत आली. ते नाचणार नसतील तर मीच नाचेन म्हणाली, पण सरावाला नाना खरा झेंडा देणार नाहीत. मी पुण्यात चार वर्षं ढोलपथकात ध्वज धरलाय! झेंडा कसा पेलायचा ते मी शिकवू शकते. आमच्या पथकात ध्वज जमिनीला टेकला तर दादा दोन आठवडे हात लावू देत नसे. तिच्याकडेही अगदी तसंच, झेंडा जमिनीला लागता कामा नये. आणि एफुआला सराव करताना बघून नानांनाच हुरूप आला तर?

"सरावाचा झेंडा माझ्यावर सोड," मी म्हटलं. इथपासून पुढचं सगळं माझ्यामुळे झालं.

शनिवार, युट्रेख्टचं शिवणकाम आणि आमची चढाई

मी युट्रेख्टला राहते, आणि तिथे स्नेहलताई आहे. नवऱ्याच्या व्हिसावर आली, वर्षभर खिडकीतून सायकली मोजल्या, मग मशीन घेतलं. आता अर्ध्या नेदरलँड्सचे मराठी ब्लाउज तिच्याकडे. सकाळी नऊला तिच्या दारात हजर.

"ताई, घानाचा झेंडा शिवायचाय."

"काठाला फॉल लावू का?" ती एवढंच म्हणाली. ग्रेट बाई आहे.

पिवळं सॅटिन मिळालं, काठाला पांढरी झालर. मधे काय टाचायचं? बिबट्याचे ठिपके कापायला दोन दिवस लागले असते. मी म्हटलं, हत्ती! आफ्रिकेत हत्ती, आपल्याकडे हत्ती, शुभ म्हणजे किती शुभ! मीच काढला, मीच कापला. आता हात लहानपणापासून गणपती काढून बसलेला, त्यामुळे सोंड डावीकडे वळली आणि पोट... पोट आलं. ताईची मुलगी अन्वी सोफ्यावरून डचमधे म्हणाली, "दाट इज अन नाइलपार्ट." म्हणजे, हा पाणघोडा आहे.

एफुआला फोन करून विचारलं का? नाही. सरप्राइज द्यायचं होतं.

दुपारी नानांच्या बिल्डिंगसमोरच्या बागेत पोचले. नाना बाकावर, एफुआ गवतावर, ऊन चक्क पडलेलं. मी झेंडा फाडकन उलगडला. "टडाऽऽ!"

नाना उठले, टोपी घातली, आणि लिफ्टकडे चालू पडले.

"केतकी," एफुआ हळू आवाजात म्हणाली, "हत्ती पाच नंबरचा आहे. पिवळा रंगसुद्धा."

पाच नंबर म्हणजे तीन नंबरच्या हाडवैऱ्यांची कंपनी. (नंबर मी बदललेत, उगाच नवं भांडण नको.) दुसऱ्याचं चिन्ह आपल्या झेंड्यावर घेणं म्हणजे थेट आव्हान. यावरून गावात गोळ्या चाललेल्या आहेत, माणसं मेलेली आहेत. इंग्रजांच्या काळात तर कुठल्या कंपनीने काय चिन्ह वापरायचं ते सरकारकडून ठरवून घ्यावं लागे. आणि मी तीन नंबरच्या म्हाताऱ्यासमोर, त्याच्याच अंगणात, पाच नंबरचा झेंडा फडकवून टडा म्हटलं होतं.

एफुआ वर जाऊन आली. "रविवारी येणारच नाही म्हणतात. चोरीच्या चिन्हाचा डाग लागलाय म्हणे आपल्या घराला. आधी तो पुसा."

मला खरंच रडू आलं. गुरुवारी माणूस कायमचा जाणार, आणि त्याची एकमेव संधी मी शिवणयंत्राने मारली होती. "कसा पुसायचा?"

"ज्यांचं चिन्ह, त्यांची माफी मागायची. बाटली घेऊन."

"घानाला?"

"नाही," ती म्हणाली. "पाच नंबरचा एक माणूस युट्रेख्टमधे आहे."

अंकल एबो! रिटायर्ड बसड्रायव्हर. नाना आणि ते एकाच वर्षी इथे आले, एकाच चर्चमधे जातात, आणि नाना डावीकडे बसले की ते उजवीकडे. इतकी वर्षं एकमेकांशी अवाक्षर नाही. का? कुणी काही केलं म्हणून नाही. तीन आणि पाच म्हणून.

माफीची बाटली हवी ती डच दारूचीच. जिनिव्हर. किल्ल्याच्या काळापासून तिकडे पूर्वजांना हीच लागते! आम्ही युट्रेख्टला धावत पोचलो, दारूचं दुकान बंद व्हायला दहा मिनिटं. काउंटरवरच्या डच काकांनी विचारलं, कोणत्या प्रसंगासाठी? मी म्हटलं, युद्ध थांबवायला. त्यांनी गंभीरपणे वरच्या फळीवरची चौकोनी हिरवी बाटली काढून दिली.

अंकल एबो बनियनवर फुटबॉल बघत होते. कारण ऐकताच टीव्ही बंद, आत जाऊन इस्त्रीचा शर्ट घालून आले. मग सुरू झाली सुनावणी. पद्धत अशी की थोर माणसाशी थेट बोलायचं नाही, मधे बोलणारा लागतो. खोलीत तीन माणसं, तिघांनाही इंग्रजी येतं.

"मी चुकले," मी एफुआला सांगितलं.

"ती म्हणते ती चुकली," एफुआने अंकलना सांगितलं.

"तिला विचार, हत्ती काढण्याआधी विचारलं का नाही?"

"ते विचारतात, विचारलं का नाही?"

"सरप्राइज द्यायचं होतं," मी म्हटलं. एफुआने डोळे मिटून हेही पोचवलं.

बाटली घेतली गेली. अंकल बाल्कनीत गेले, पूर्वजांची नावं घेत घेत थेंब थेंब ओतू लागले. पाचव्या नावाला खालच्या मजल्यावरून एक बाई डचमधे ओरडली की तिची चादर वाळत घातलीय. अंकल थांबले, सॉरी म्हणाले, आणि उरलेले पूर्वज कुंडीत ओतले.

मग म्हणाले, "झेंडा दाखव."

पसरला. चष्मा लावून त्यांनी बराच वेळ पाहिला. "हा हत्ती गरोदर आहे का?"

एफुआने हा प्रश्न पोचवलाच नाही, ती हसत खाली बसली होती.

"हा इथेच राहील," अंकलनी घडी घातली. "पुरावा म्हणून." दारापर्यंत सोडायला आले आणि अगदी सहज, छताकडे बघत, म्हणाले, "नायमेखनला... किती वाजता म्हणालात?"

रविवार, नायमेखन

नाना आले! बाटली पोचली, डाग पुसला, एवढं ऐकून आले. पण नाचायचं नाव नाही. सुटकेस सोबत होती, कारण ती घरात एकटी ठेवत नाहीत. ट्रेनमधे ती मांडीवर.

मेळावा एका जुन्या सैनिकी इमारतीच्या बागेत. काय माणसं होती! जावाची बाटिक, कुरळे पांढरे केस, डच बोलणं, आणि टेबलांवर इंडोनेशियन थरांचा केक, केळीच्या पानातला चिकट भात. नानांना खुर्ची, हार, सगळं. एक सत्तरीच्या बाई आल्या, नानांचा हात दोन्ही हातांत धरून म्हणाल्या, "माझे खापरपणजोबा तुमच्या किल्ल्यातून जहाजात चढले. गाव कुठलं ते आम्हाला माहीत नाही. सैन्यात घेताना त्यांना डच नाव दिलं, आधीचं राहिलं नाही. कंपनीही माहीत नाही."

नानांनी हात सोडवून घेतला नाही. सुटकेस पायापाशी, कुलूप लावलेली. एफुआ माझ्याकडे बघेना. मी केकचा तिसरा तुकडा घेतला, दुःखात.

आणि फाटकाकडून शिट्टी ऐकू आली.

ट्राफिक पोलिसाची असते तशी, कर्कश्श. मागोमाग पिवळं काहीतरी. अंकल एबो! पिवळा शर्ट, डोक्याला पिवळा रुमाल, आणि पडद्याच्या दांडीवर माझा हत्ती! बागेत शिरले ते नाचतच. झेंडा डोक्यावरून, पायांखालून, कमरेभोवती, आणि माझा तो ढेरपोट्या हत्ती वाऱ्यात असा काही डुलत होता की शपथ. खुर्च्यांना वळसा घालून ते थेट नानांसमोर थांबले, झेंडा त्यांच्या नाकासमोरून फिरवला आणि फांटीत काहीतरी बोलले.

"काय म्हणाले?" मी एफुआला हलवलं.

"म्हणाले, बिबट्याला सुटकेसमधे उंदीर लागले का?"

नाना उठले. शांतपणे कोट काढून खुर्चीवर ठेवला. खिशातून किल्ली काढली.

"काठी," ते म्हणाले.

काठी! कुणाकडे काठी नव्हती. एका आजोबांनी बागेतल्या टोमॅटोच्या रोपाची उपटून दिली. सुटकेस उघडली, डांबरगोळ्यांचा वास, आणि मग तो बाहेर आला. लाल कापडावर काळे ठिपके, एकेक हाताने टाचलेला बिबट्या, कोपऱ्यात जुन्या काळातला इंग्रजी झेंडा. स्नेहलताईने बघितला असता तर मशीन विकलं असतं.

नाना नाचले. चौऱ्याऐंशी वर्षांचे! बिबट्या दबा धरून बसला, सरपटला, हत्तीच्या पोटाखालून निघाला. अंकल मागे, नाना पुढे, परत उलट. ढोल नव्हता, केकचा रिकामा पत्र्याचा डबा होता. माझे हात थांबतील का? पथकातला ताल धरला, बायांनी टाळ्या धरल्या, आणि डच-जावा-आफ्रिका सगळं मिळून पुण्याच्या लक्ष्मी रोडसारखं दणाणायला लागलं!

आणि नानांच्या खांद्याने दगा दिला. मी बघितलं, उजवा हात एकदम खाली आला, झेंड्याचं टोक गवताच्या दिशेने निघालं. डबा वाजायचा थांबला. अंकल एबो जागच्या जागी थिजले. त्यांनाही ते नको होतं.

एफुआ गुडघ्यांवर घसरत गेली आणि झेंडा जमिनीपासून वीतभर वर तळव्यांवर झेलला. उठली. एकदाही सराव केलेला नव्हता. काठी घेतली, डोक्यावरून फिरवली, जरा वाकडीच, आणि सरळ अंकलवर चालून गेली. अंकल इतके खूश झाले की त्यांनी हत्तीलाच पळवलं.

नाना खुर्चीत बसले, खांदा चोळत. मघाची ती बाई शेजारी उभी होती. तिला म्हणाले, "कंपनी माहीत नाही ना? मग आजपासून तीन नंबर."

"पाच!" अंकल पळता पळता ओरडले. "पाचमधे जागा आहे!"

संध्याकाळी ते दोघं एकाच बाकावर बसले होते, मधे एका माणसाची जागा सोडून. मग नाना समोर बघत म्हणाले, "हत्ती फार जाड आहे."

"बिबट्या म्हातारा झालाय," अंकल म्हणाले, आणि चिकट भाताची पुडी मधल्या जागेत ठेवली.

गुरुवार, विमानतळ

नानांना सोडायला आम्ही तिघं गेलो, मी, एफुआ आणि अंकल एबो, तेही बसचं जुनं जाकीट घालून. नानांची तपकिरी सुटकेस मी उचलली आणि दचकले. हलकी!

"नाना, झेंडा राहिला घरी!"

"राहिला नाही. ठेवलाय." त्यांनी एफुआकडे बोट केलं. "पाच नंबरचा झेंडा या देशात फडकणार आणि आपला नाही? चालेल का असं?"

नानांनी मला जवळ घेतलं, डोक्यावर हात ठेवला. मी म्हटलं, आता आशीर्वाद. ते म्हणाले, "पुढच्या वेळी काही शिवण्याआधी विचार." मग आत जाताना वळून, मोठ्याने, सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं, "जल्दी जल्दी!"

परतीच्या ट्रेनमधे अंकल खिडकीशी बसले. युट्रेख्ट आल्यावर म्हणाले, "शनिवारी सराव. तिला हात सरळ ठेवायला शिकवायला हवं. शत्रू चांगला नसला की मजा नाही." आणि माझ्याकडून स्नेहलताईचा नंबर घेतला, थोडं काम आहे म्हणून.

रात्री जेवताना ताईचा मेसेज आला: "अगं, एक एबो म्हणून काका आलेत. विचारतायत, हत्तीचं पोट दोन इंच आत घेता येईल का. घेऊ ना? की आधी कुणाला विचारायचंय?"